सेकंड माल

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात
मी चेकर आहे. सव्वीस वर्षं झाली.
ट्यूबलाइटखाली कापड पसरायचं, तळहात फिरवायचा.
तुटका धागा बोटाला आधी कळतो, डोळ्याला मागाहून.
खडूची एक फुली, की माल सेकंडमध्ये.
सेकंड माल किलोवर जातो.

दादांनी मात्र जन्मभर फर्स्ट क्वालिटी जपली.
गिरणी बंद पडली त्या वर्षी
थकल्या पगाराच्या बदल्यात त्यांना एक चादर मिळाली:
जांभळी, मोराची, घडी न मोडलेली.
ती ट्रंकेत गेली.
कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, वरून कुलूप.
पाहुण्यांसाठी, म्हणायचे.
पाहुणे आले, जेवले, गेले. काही तर मातीतही गेले.
चादर निघाली नाही.

आईला, मार्थाबाई चक्रनारायण हिला,
सेकंड माल चालायचा.
महिन्याला चार-सहा टॉवेल मी आणायचो
आणि रविवारची उपासना सुटेस्तोवर ते घरातून गेलेले असायचे.
विड्या वळणाऱ्या नरसम्माच्या सुनेला, बाळंतपणात.
सिव्हिलच्या वऱ्हांड्यात पडलेल्या कुणा म्हाताऱ्याला,
ज्याचं नाव तिनं विचारलंही नव्हतं.
"काय सांभाळायलाव एवढं?" ती दादांना म्हणायची,
"आपण तरी कुठं नगावर गेलो?
त्यानं ढीग बघितला, अन् आख्खा उचलला.
भाव सुद्धा केला नाही."
पाळकसाहेबांनी हे वहीत टिपून घेतलं.
पुढच्या उपदेशात आलं,
पण तिथं ते इस्त्री केल्यासारखं वाटलं.

ती गेली मे महिन्यात. पत्रे तडतडत होते,
बर्फाची लादी दुपारपर्यंतही टिकेना.
दादा म्हणाले, "आता काढा ती."
कुलूप गंजलेलं. पान्यानं तोडलं.
घडीच्या रेघेरेघेवर कसर लागली होती.
उलगडली तर मोर होता, त्याला मान नव्हती.
दादा बघत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले, "मार्थाला हसू आलं असतं,"
आणि स्वतःच हसले, आणि मग भिंतीला टेकले.

नरसम्मा आली. तिच्या खांद्यावर एक पिवळा टॉवेल,
धुऊन धुऊन आरपार झालेला.
तिनं तो ओला केला, आईचं तोंड पुसलं,
कपाळ, कानामागं, गळ्याची घडी.
मी पिळायला हातात घेतला
आणि कोपऱ्यात बोटाला तो धागा लागला,
कधी काळी मीच नापास केलेला.

आता उन्हाळ्यात गच्चीवर मी मोराची चादर पांघरतो.
भोकांतून तारे दिसतात, असं लिहायला बरं वाटलं असतं.
खरं तर डास येतात.

पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी. घटका कुणाला ठाऊक नाही.
आई पिंप घासून, पालथं घालून, नळी जोडून ठेवायची
आणि गाढ झोपायची.
मी काळजीनं जागत बसायचो, पिंप तसंच, तळाला शेवाळ.
विश्वास म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं
तर मी तिचं घोरणं सांगेन.

"पाणी सुटलं!"
रात्री तीनला गल्लीच्या टोकाला हाक उठते
आणि गच्च्यागच्च्यांवरून माणसं उभी राहतात,
पांघरुणं मागं टाकून, अनवाणी,
अंधारात चेहरे ओळखू येत नाहीत,
नुसती चाहूल, भांड्यांचा नाद,
कुणाचं तरी नाव कुणीतरी घेतंय.
मला वाटतं, असंच असेल ते.
ती त्यातच कुठं तरी असेल, पदर खोचून, सगळ्यांच्या पुढं.
त्या गर्दीत फर्स्ट कुठला, सेकंड कुठला,
इतक्या वर्षांच्या या बोटांनाही सांगता येणार नाही.

हल्ली माझं पिंप घासलेलं असतं.
बहुतेक वेळा.