नही शे

दोंडाईच्यात मिरचीच्या गोदामावर
माझा संध्याकाळचा वर्ग भरतो.
खालून खकाणा चढला
की भूतकाळ असो वा भविष्यकाळ,
सगळे एकदम शिंकतात.

त्या दिवशी फळ्यावर होतं : इन द ॲबसेन्स ऑफ.
मी म्हणाले, ऑफनंतर नाम येतं,
नामानंतर स्वल्पविराम,
मग उरलेलं वाक्य.
गाइडात उदाहरण आहेच,
गुरुजींच्या गैरहजेरीत मुलं दंगा करतात.
आमच्याकडे हजेरीतही करतात, ते सोडा.

योगिता वाडिलेनं लिहिलं,
लाइटच्या ॲबसेन्समध्ये गिरणी बंद,
म्हणून पीठ नाही, म्हणून रात्री खिचडी.
एका वाक्यात अख्खं घर जेवायला बसवलं तिनं.
मी क्रियापद तेवढं दुरुस्त केलं.
हेमकुंवर गिरासेचं लग्न ठरलंय. तिनं विचारलं,
मॅडम, हे माणसाला लागतं की फक्त वस्तूला?
दोघांना, मी म्हणाले.
मग तिनं काहीतरी लिहिलं
आणि वही पालथी ठेवली.

इंग्रजीची ही एक रीत मला कधीच पटली नाही.
नसणं ती दारातच उभं करते.
कोण, कुठला, काही कळायच्या आत
सांगून मोकळी.
मराठीत कसं,
मामा, बाजारात, तोलकाट्याजवळच्या ओट्यावर,
बशीत चहा ओतून,
इथवर मामा आहेतच.
नाही म्हणायला वाक्य संपावं लागतं.

रज्जाकभाई पिंजारी शेवटच्या बाकावर.
आधी गाद्या भरायचे, फोम आल्यापासून नुसत्या उशा.
बासष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायचं कारण
एक पत्र, सुरतेच्या मिलचं,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवलेलं.
वाचून दाखवणारे गल्लीत दहाजण निघतील.
त्यांना स्वतः वाचायचं होतं.
पहिलीच ओळ : इन द ॲबसेन्स ऑफ एनी क्लेम.
क्लेम म्हणजे?
दावा. आपलं आहे म्हणून सांगणं.
कशावर?
मी पत्र खालपर्यंत वाचलं.
पगारावर, म्हणाले. सतरा दिवसांच्या.
त्यांनी वहीत लिहून घेतलं,
क्लेम म्हणजे सतरा दिवस.
मी ते खोडलं नाही.

वर्ग सुटल्यावर वह्या तपासायला घेतल्या.
त्यांचं वाक्य पेन्सिलीनं, देवनागरीत :
इन द ॲबसेन्स ऑफ सादिक,
स्वल्पविराम नेमका जागेवर.
पुढे ओळ कोरी. खालचीही.
मी लाल पेन उघडून लिहायला घेतलं,
मुख्य वाक्य राहिलं आहे.
मुख्य एवढंच उमटलं. टोपण लावलं.

रज्जाकभाई अजून जिन्यातच होते,
गुडघे धरत एकेक पायरी.
खालून कुणी हाक मारली, नवा तोलाईदार,
कुणी सांगितलं असेल त्याला
की त्यांचा पोरगा दोन पोती एकदम नेतो.
रज्जाकभाई, सादिक घर शे का?
कठड्यावरचा हात हलला नाही.
नही शे, ते म्हणाले,
भाव सांगावा तसं,
आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.

नऊ वर्षं झाली मला इथे येऊन.
हे दोन शब्द भाजीवालीकडून ऐकले, पोस्टमनकडून ऐकले,
सुटे पैसे मागितले तेव्हा कंडक्टरकडून.
माझ्या पुण्याच्या मराठीत
नाही आलं की आहे निघून जातं,
दोघं एका घरात राहत नाहीत.
इथे नही पुढे येतं
आणि त्याच्यामागे, दार ओढून घ्यायला,
शे.

वह्या सोमवारी परत द्यायच्यात.
त्यांच्या पानावर तो एक लाल शब्द आहे,
मुख्य,
त्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही.
साडेआठला सुरतेची गाडी गेली.
खाली कुणी शेवटचं पोतं आपटलं.
खकाणा जिना चढून आला,
आणि रिकाम्या वर्गात
मी एकटीच शिंकले.