मीठ, कोळसा, पाणी

शरणपुरातल्या आमच्या देवळावर
मार्चमध्ये वीज पडली.
त्याच गारपिटीत दिंडोरीकडचे घड वेलीवरच फुटले.
आमचं गेलं ते एवढंच:
मनोऱ्याचा ईशान्य कोपरा, घड्याळाचा तासकाटा
आणि एलियाझर पारध्यांची झोप.

ते म्हणाले, ही खूण आहे.
मी म्हणाले, हा मनोरा आहे,
आसपासच्या सगळ्यांत उंच, आणि ओला.

कमिटी बसली. चहा, खारी.
मी तांब्याच्या सळईचा कागद पुढे ठेवला,
पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईचा
नीट समास सोडलेला कागद.
आक्षेप खर्चावर नव्हता.
सळई क्रुसाहून दीड फूट उंच जाणार, त्यावर होता.
"म्हणजे प्रभूच्या डोक्यावर तांबं?"
"आणि राखायचं कुणी, त्यानं की सळईनं?"

रेव्हरंड आढाव बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, माझ्या छातीत दोन स्टेंट आहेत.
सकाळी गोळी घेतो, मग स्तोत्र म्हणतो.
कधी क्रम उलटा होतो.
ठराव झाला. एलियाझरकाकांनी सही केली नाही,
पण विरोधही लिहवला नाही.

सळई घ्यायला भांडीबाजारात गेले.
"कळस की क्रूस?" मुकुंदशेठ तांबटांनी विचारलं,
हातातल्या पंचपात्रावरून नजर न उचलता.
"वीज दोघांकडे सारखीच येते, बाई.
त्र्यंबक रस्त्याला गेल्या साली दोन देवस्थानांना दिली.
अजून पैसे यायचेत."

खरं काम जमिनीत.
नाशिकचा काळा पत्थर हट्टी.
सहा फूट खणलं; मुरूम, मग कातळ.
मीटर लावला: अठ्ठावीस ओहम.
वरून आलेली वीज इथे उतरणार नाही,
दारातच घुटमळेल,
आणि घुटमळली की जाळेल.
म्हणून खड्ड्यात मीठ घालायचं, कोळसा, पुन्हा मीठ,
वर पाणी.
पोतं फोडताना आढाव हसले:
आयुष्यभर मिठावर उपदेश केला,
ते असं जमिनीला लागू पडतं, कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांनी बादल्या ओतल्या. मी आकडे वाचले.
एकोणीस. अकरा. सात.
साडेचार ओहमला मी "आमेन" म्हणाले, चुकून,
आणि लांब कण्हेरीपाशी उभ्या पारधेकाकांनी ते ऐकलं.

विद्यार्थी विचारायचे,
मॅडम, तुम्ही चर्चला कशा काय जाता?
जणू मी तंबाखू खाते.
मी म्हणायचे, सायकलवरून.
खरं उत्तर फळ्यावर मांडता आलं नाही कधी.

लहानपणी वीज चमकली की
आई डोळे मिटून प्रार्थना करायची
आणि मी गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे.
तीन सेकंदांना एक किलोमीटर.
दोघींना तेवढाच वेळ मिळायचा.
तिची प्रार्थना अर्धी राहिली, तर माझा आकडा लहान असायचा.
एकदा तो इतका लहान आला
की मोजणं सोडून मी तिच्या कुशीत शिरले.
ती कानात म्हणाली,
मोज. थांबू नकोस.

चैत्रात खड्डा कोरडा पडतो, ओहम चढतात.
म्हणून दाराशेजारच्या फळ्यावर नवी ओळ आली आहे.
वेदीची फुले: दयावती शिरसाठ.
घंटा: शामुवेल भालतिडक.
खड्ड्याला पाणी, दर शनिवारी:
इथे माझं नाव.

गेल्या शनिवारी गुडघ्यामुळे जाता आलं नाही.
रविवारी पाहिलं, तर माती ओली होती
आणि एलियाझरकाकांच्या चपलांना चिखल.