तिसरं कुंड

दोरी माझ्या कमरेला, टोक येसू तांडेलच्या मुठीत.
"सुकती आसा तवसर जा.
ह्या कालवाक पाणी लागला काय मी वडतलंय.
इचारूचंय नाय."

आत वाकूनच शिरायचं. जांभा खांदे खरवडतो.
आधी विजेरी, मग काठी, मग पाय.
पहिलं कुंड घोट्याएवढं.
दुसऱ्यात काठी गेली, कोपर गेलं,
तळ लागला नाही.
इतकं गार, की बोटं
कुणा दुसऱ्याचीच वाटली.

पुढे तिसरं. काळं, स्वस्थ.
एक पाऊल फक्त

आणि दोरीला दोन हिसके.

बाहेर येसू कोयतीने कालवं फोडत बसलेली.
"तिसरा बघलंस?"
"लांबून."
"तीस वर्सां मी पण थयसूनच परततंय,"
म्हणत तिने ओली दोरी
उन्हात पसरली.