जोडखुर्ची

मालगुजार गेले, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
गढीतून निरोप आला मले:
सागाची खुर्ची कर. एकच. बसणारे दोन.

थोरला यादोराव, डोळ्यानं अधू, बोलताना अडखळे.
धाकला जानराव, दुसरीचा, नऊ वर्साचा,
पाय लोंबकळत त्याचे.
"आन् पाठीले भोक ठेव," सकवारताई हळूच बोलली,
"माह्या तोंडाएवढं."

ठेवलं.
सात वर्सं त्या भोकातून
मोहाचे ठेके सुटले, कुळांचे दंड ठरले.
थोरला मुंडी हलवे.
धाकला म्हणे, ताई, तुह्या तोंडाले लवंगीचा वास येते.

मंग तो नाल्यापल्याड पोरं जमवू लागला.
मले म्हणे, पन्नास बंदुका घडव, पळसाच्या.
घडवल्या. कोनासाठी, इचारलं नाई.

ज्या दिवशी त्याचे पाय जमिनीले टेकले
त्या राती ताईची दमणी
रिद्धपूरच्या वाटेनं गेली, मठात.
काळं लुगडं गाठोड्यात.
थोरला बसूनच होता. त्याले कोनी उठवलं नाई.

"भोक बुजव," जानराव म्हणे.
बुजवलं. लाख भरली, रंधा मारला,
हात फिरवला त लागत नाई.

तरी हुकूम सोडाच्या आधी
मान जराशी मांगं नेते तो,
आन् थांबते.