भरती

ठाण्याचं नाव तू सांगितलंस, भारती.
तुझी आवस कानानं कमी ऐकते:
"भरती? मगे ओहोटीक परत येतलंस."
आम्ही कुणीच दुरुस्त केलं नाही.

आनंदवाडीच्या धक्क्यावर तू इंजिनाखाली पडलेला,
दातांत टॉर्च,
सहा सिलिंडरचा खोकला ऐकून आजार सांगणारा.
आता तीन जनरेटर तुझ्या हवाली.
ते थांबले तर वीस-बावीस माणसं गोठतील,
हे तू जेवता जेवता सांगितलंस,
बांगड्याचा काटा काढत.

केपटाऊनहून फोन केलास.
जहाजावर चढवण्याआधी
बुटांचे तळवे घासले त्यांनी,
खिसे उलटे केले, शिवणींना व्हॅक्यूम लावला.
बी नको, माती नको तिथे.
पँटच्या दुमडीत एक कुसळ सापडलं,
आपल्या सड्यावरचं.
चिमट्यानं उचललं, पुडीत घातलं,
पुडीवर तुझं नाव लिहिलं.
आवशीनं दिलेली तिरफळंही गेली.
तिला मी सांगितलं, पोचली, वास येतो म्हणाला.

मग वाऱ्याचा पट्टा.
मी विचारलं, लाट नाळेवर घेता की बगलेवर?
"बाबा, सगळीकडून."
हसलो. तांडेलकी केली तरी
असं उत्तर मला कधी सुचलं नाही.
पुढे पाणी जड झालं, म्हणालास,
आणि एका सकाळी
समुद्रावर साय धरली.

मार्चात जहाज परत फिरलं.
तुम्ही बर्फावर उभे राहून हात हलवलेत,
ठिपका होईपर्यंत.
चाळीस वर्षं मी गलबतावरून मागे बघितलं,
माणसं बारीक होत जाताना.
किनाऱ्यावर थांबून
जाणारं बघणं
आपल्या घरात फक्त बायकांनी केलं.
काय होतं तेव्हा पोटात,
मी तुझ्या आवशीला विचारलं नव्हतं.
तुलाही नाही विचारलं.

आता जून.
गलबतं वर ओढली, झावळ्या घातल्या,
इंजिनाला ग्रीस चोपडलं.
तुझा सूर्य गेल्या महिन्यात बुडाला तो बुडालाच.
दोन महिने आपण दर वर्षी काढतोच की.
जाळी शिवायची, सुकं खायचं,
पत्त्यांवरून भांडायचं
आणि रात्री तेल तपासून झोपायचं.
तूही तेच कर. तेल दोनदा तपास.

काल म्हणालास,
किनाऱ्याशी बर्फाला लांब भेग आहे.
खाली पाणी चढतं, बर्फ उचलला जातो,
पाणी उतरतं, बर्फ बसतो,
आणि अंधारात ती भेग करकरते,
जुन्या वल्ह्यासारखी.
"ऐका," म्हणालास, आणि फोन बाहेर धरलास.
वारा. मग काहीतरी.
मग लाईन गेली.

आवस जागी होती. "काय म्हणता?"
भरती आहे, म्हटलं, तिकडे.
"माका ठाऊक," म्हणाली, कूस बदलली.

छोटी होडी अजून खाडीत आहे.
बॅटरी घेऊन खाली गेलो.
पाणी खुंटाला लागलं होतं.
दोरी हातभर सैल केली,
मग आणखी थोडी.