दोन घटका

चोडणच्या फेरीतून उतरलं की डावीकडे बांध,
बांधाच्या पोटात मानशीचं दार.
तिथे आम्ही बांबू रोवला,
सातवीची सव्वीस मुलं आणि मी.
दहा-दहा सेंटिमीटरला तांबडा पट्टा, पांढरा पट्टा;
रंग चतुर्थीच्या माटोळीतून उरलेला.

काम सोपं होतं.
दुपारचं पाणी कितीला टेकतं आणि मागे फिरतं,
ते बघायचं, लिहायचं,
अमावास्येपासून आठ दिवस.

पहिल्या दिवशी फ्लाविओची चप्पल चिखलाने ठेवून घेतली.
दुसऱ्या दिवशी माझंच घड्याळ मागे निघालं.
तिसऱ्या दिवशी एक खेकडा बांबूवर चढला
आणि पांढऱ्या पट्ट्यावर बसून राहिला.
त्याला पाण्यात धरायचं की नाही
यावर अख्खा तास गेला. मी जाऊ दिला.

शनिवारी वह्या आल्या.
वेदांगची कोरी करकरीत:
रोज पन्नास मिनिटं उशीर.
पन्नास, पन्नास, पन्नास,
आणि आलेखावर पट्टी लावून ओढलेली रेघ.
पुस्तकात तसंच आहे.
चौथ्या दिवसानंतर तो बांधावर दिसलाच नव्हता.

रोझिताची वही भिजून फुगलेली.
अडतीस. एकेचाळीस. चाळीस.
सत्तेचाळीस. पंचावन्न. चौसष्ट.
एक्काहत्तर. खोडून, पुन्हा एक्काहत्तर.
"टीचर, माझं चुकलं असेल.
माझी रेघ वाकते."

आम्ही गुणोला विचारायला गेलो.
मानशीचं दार, कोळंबीचं जाळं, सगळं त्याच्याकडे.
जाळं झटकत तो म्हणाला,
"दर तिथीक दोन घटका. आज्यान सांगलां."
फळा नव्हता; बांधाच्या मातीत काडीने गुणाकार केला:
चोवीस दुणे अठ्ठेचाळीस.
मग रोझिताच्या सात आकड्यांची बेरीज, भागिले सात:
एकावन्नाला जरासं कमी.
अठ्ठेचाळीस, पन्नास, एकावन्न,
तिघं एकाच उंबऱ्यावर उभे.

"पण मग वाकते का?"
गुणोने वही उलटी धरली, सुलटी केली,
शेवटच्या एक्काहत्तरावर ओलं बोट टेकवलं.
"अष्टमी आयली मगे, बाये.
उदक आळशी जाता."

मी वेदांगला काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं की नको,
अजून ठरवलेलं नाही.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला,
परतीच्या फेरीसाठी उभी होते.
बांधावर टॉर्चचा एक ठिपका हलत होता.
जवळ गेले तर वेदांग,
बूट गळ्यात बांधलेले, गुडघाभर पाण्यात,
नाक बांबूला जवळजवळ टेकलेलं.
मी हाक मारली.
त्याने न वळता हात वर केला:

"थांबा, टीचर.
अजून चढतंय."