तेलाचं पाणी

हीउमा बेटावर दुपारी चारलाच अंधार,
आणि हेल्वेला अंधारच हवा असतो.
दिवा मालवल्याशिवाय
लाली खरी किती, ते कळत नाही.

एन्डेलची जुनी कानस. दात घासून काढलेत,
तरी शेपटाकडे त्याच्या मुठीची झीज आहे.
भट्टी म्हणजे चार विटा आणि गॅसचा बर्नर.
ती लोहचुंबक लावून बघते: चिकटतंय.
अजून चिकटतंय.
मग एकदम नाही. पोलाद ओळख विसरलं.
मनात पाच मोजते.

पाणी द्यायचं ते तेलात:
सरळ, खाली, न डगमगता.
भपकन जाळ, धूर, परवा तळलेल्या माशांचा वास
आणि ती कान देऊन उभी.
गेल्या महिन्यात इथेच "टिंग" झालं होतं.
केसाएवढी चीर.

आज काही वाजत नाही.
दुसरी कानस पात्यावरून घसरते,
काचेवरून नख जावं तशी.

"झालं की!" शेजारचा यूलो म्हणतो.
"पाडून बघ. फुटेल."
आणि ती पातं ओव्हनमध्ये सरकवते
काळ्या पावाशेजारी,
गव्हाच्या काडाचा रंग चढेपर्यंत.

पाव आधी होतो.
दोघं लोणी लावून खातात,
ओव्हनच्या काचेसमोर, उभ्यानेच.